भाकरीचा गृहप्रवेश

माणसाला मोकळे फिरायचे असेल तर त्याने आधी दुसऱ्या कोणाला तरी दोरी बांधली पाहिजे. हे सत्य जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याला लेखी मान्यता मात्र साथीच्या काळात मिळाली आणि ती मुलुंड पूर्वेच्या नवसुमंगल सहकारी गृहनिर्माण संस्थेने दिली, ही अभिमानाची गोष्ट होय. संस्थेच्या परिपत्रकात स्वच्छ म्हटले होते: 'सभासदांनी कोणत्याही कारणास्तव खाली उतरू नये. ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा सभासदास सकाळ-संध्याकाळ, कुत्र्याची गरज भागेपर्यंत, आवाराबाहेर जाता येईल.'

परिपत्रक काढणाऱ्यांची दूरदृष्टी पाहा. गरजा माणसालाही असतात, पण माणूस त्या बोलून दाखवतो, म्हणून त्यांच्यावर बंदी घालता येते. कुत्र्याची गरज भागली की नाही हे फक्त कुत्र्याला माहीत, आणि त्याची साक्ष काढता येत नाही. कायद्यात फट असावी तर अशी, एक माणूस आणि एक कुत्रा नेमके मावतील एवढी.

लगोलग नवसुमंगलमध्ये प्राणिप्रेमाची लाट आली. (साथीच्या लाटा सरकारने मोजल्या, ही मोजायची राहून गेली.) इमारतीत कुत्रा एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रांजलचा. वयस्कर, दमेकरी आणि मुळात घरबशा. त्याला सकाळी प्रांजल फिरवी, मग तिचे वडील, मग काका, मग 'बिचाऱ्याला जरा हवा मिळू दे' म्हणत शेजारचे बिऱ्हाड. महिन्याभरात त्या कुत्र्याची अशी अवस्था झाली की दोरी दिसली की तो पलंगाखाली जाई आणि तिथून चपलेने ढोसून काढावा लागे. प्राणिप्रेमाला अशा अडचणी येतातच.

तिसऱ्या मजल्यावर बाळा धुरी एकटाच राहत असे. बाप मालवणकडून येऊन परळच्या गिरणीत लागला. मुलगा चढत चढत एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागापर्यंत पोचला आणि तिथूनच निवृत्त झाला. आलेल्या कागदावर 'आले' आणि गेलेल्यावर 'गेले' असा शिक्का मारण्यात त्याची हयात गेली. गेलेल्या कागदाचे पुढे काय होते, याची चौकशी त्याने कधी केली नाही. ते काम दुसऱ्या विभागाचे. हाच नियम तो घरीही पाळी. बायको वारली: गेली. मुलगी रुचिरा बोरिवलीला दिली: गेली. सासरी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचे नाव 'अनुपमा' असे लिहिण्यात आले, तेव्हा बाळाला विशेष काही वाटले नाही. पुढच्या कचेरीत कागदाला नवा क्रमांक पडतोच.

तर त्या दिवसांत बाळाच्या घरातून एक माणूस बाहेर पडायला तडफडत होता, आणि बोरिवलीत एक माणूस त्याच घरात यायला तडफडत होता. दोघांचे आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणे होई.

"बाबा, मी थोडे दिवस येऊ का?" रुचिरा विचारी. मागे नळाचा आवाज येत असे.

"अगं, पास कुठे मिळतोय? आणि तुमच्याकडे भरलेलं घर. मी इथे भिंतींशी बोलतोय, तरी तक्रार करतो का? जरा जुळवून घे. आणि नळ बंद कर आधी, पाणी वाया जातंय."

इतका जबाबदार नागरिक मुलुंडमध्ये दुसरा नव्हता.

साखर वाढल्यावर डॉक्टर फोनवर म्हणाले, "धुरी, चाला." परिपत्रक म्हणत होते, चालू नका. दोन्हींचा मान राखणारा एकच प्राणी जगात होता. प्रांजलने मोबाईलवर एक फोटो पाठवला: जोगेश्वरीच्या एका श्वान-निवाऱ्यातली कुत्री, रंगाने बाजरीच्या भाकरीसारखी आणि एका अंगाला तशीच करपलेली. 'स्वतः येऊन न्यावी. रविवार दुपारपर्यंत. नंतर दुसऱ्यांना देऊ.' मागणी इतकी होती की मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यातले निवारे रिकामे पडले होते आणि लोक रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही 'तुझं कोणी आहे का रे?' असे विचारू लागले होते.

आता अडचण अशी, की कुत्रा असलेल्यालाच बाहेर पडता येते, आणि कुत्रा आणायला बाहेर पडावे लागते. बाळाने प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला. कारणांचे वर्ग होते: आजार, मृत्यू, विवाह, अत्यावश्यक सेवा, इतर. त्याने 'इतर'मध्ये 'कुत्री आणणे' असे प्रामाणिकपणे लिहिले. नामंजूर. मदतकेंद्राला फोन लावला.

"काका, 'इतर'मध्ये कोणालाच मिळत नाही," तिथला मुलगा म्हणाला. "ते फक्त दाखवायला ठेवलंय. तुमचं काम कशात तरी बसवा ना."

बाळाने एक-एक वर्ग नजरेखालून घातला. आपण एका परक्या घरी जाणार. तिथे एकीला बघणार. पसंत पडली तर तिला कायमची आपल्या घरी आणणार. तिचे नाव आपण ठरवणार, आणि ती परत जाणार नाही. सरकारने या सगळ्याला एक शब्द दिलेला होता. त्याने 'विवाह'वर टिचकी मारली. अर्जदाराचे नाते: वरपक्ष. जाताना व्यक्ती: एक. येताना: दोन. वधूचे नाव: लग्नानंतर ठरेल.

पास तत्काळ मंजूर झाला. वधूच्या नावाच्या रकान्यावर कोणी बोटही ठेवले नाही.

रविवारी सकाळी बाळा जुन्या स्कूटरवरून निघाला. कोणीही बाहेर जाताना पासची प्रत गेटवर दाखवायची असा दंडक होता. वॉचमन खंडूने तिचा फोटो काढून सेक्रेटरी हर्षद पाटणकरला पाठवला. हर्षदने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मग जे झाले त्याला अफवा म्हणता येणार नाही, कारण त्याला सरकारी आधार होता.

जोगेश्वरीचा निवारा एका बंद गॅरेजच्या मागे होता. संघमित्रा खरात नावाची तिशीतली बाई तो चालवत असे. बाळा रीतसर तयारीनिशी गेला होता. घराचे शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचा कागद, सोसायटीचे काही येणे नसल्याचा दाखला आणि इस्त्रीचा शर्ट.

"काका, फ्लॅट तुमच्या नावावर आहे, छान," संघमित्राने कागद बाजूला सारले. "पण तो काय तिला चावता येणार नाही. घरात कोण कोण?"

"मी एकटा."

"हात उचलता का?"

"कोणावर?"

"कोणावरही."

बाळाने इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली. असला प्रश्न त्याला कचेरीत कोणी विचारला नव्हता, लग्नात तर नाहीच.

"बांधून ठेवणार? जेवण कधी देणार, तुमच्या आधी की सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं? गावाला गेलात की हिचं काय?" तिने उत्तरे ऐकली, न पटलेली पुन्हा विचारली. मग म्हणाली, "हिचं नाव भाकरी. ते बदलायचं नाही."

"मी 'राणी' म्हणावं असं ठरवलं होतं..."

"तुम्ही ठरवलं होतं ना? ती भाकरी म्हटलं की वळून बघते. वळून बघणारं नाव कशाला बदलायचं? आणि एक सांगते. घाबरली की ही मोरीत जाऊन बसते. नळ चालू असला की तिला बरं वाटतं, बाहेरचे आवाज येत नाहीत ना. आधीच्या घरची सवय आहे. तेव्हा ओरडायचं नाही हां. शेजारी बसायचं."

"आधीच्या घरी काय झालं होतं?"

"ते ती सांगत नाही. म्हणून आम्ही विचारत बसलो नाही, घेऊन आलो."

"बरं."

"पंधरा दिवसांनी मी बघायला येईन."

"कळवा हां आधी. म्हणजे पोहे वगैरे..."

"कळवून आलं की काय दिसतं काका? पोहेच दिसतात." संघमित्राने दोरी त्याच्या हातात दिली. "आणि नाही जमलं तर 'जुळवून घे' करत बसायचं नाही. एक फोन करा. मी येऊन घेऊन जाईन. हे तिचं घर आहेच."

स्कूटरवर पुढे, पाय ठेवायच्या जागेत भाकरी बसली. पवईच्या तलावापाशी आल्यावर बाळाला, हवा चांगली होती म्हणून असेल, मागचे आठवले. रुचिराच्या लग्नात आपणही कसून चौकशी केली होती. मुलाचा पगार विचारला. फ्लॅटचे चटईक्षेत्र विचारले. पाणी किती तास असते, हेही विचारले. (चोवीस तास, असे उत्तर मिळाले होते. ते अक्षरशः खरे निघाले.) जातीत तेव्हा चौकस बाप म्हणून त्याचे नाव झाले होते.

नाक्यावर भीमराज नावाच्या हवालदाराने पास पाहिला, मग भाकरीला पाहिले, मग पुन्हा पास.

"काका, यात नवरी लिहिलीय."

"हो."

भीमराजने थोडा वेळ विचार केला. ऊन खूप होते. "मास्क कुठाय तिचा?" त्याने विचारले आणि सोडून दिले.

नवसुमंगलच्या गेटवर सहा-सहा फुटांवर आखलेल्या गोलांत अख्खी सोसायटी उभी होती. चौथ्या मजल्यावरच्या सोनूबाई राणे ओवाळणीचे ताट घेऊन पुढे होत्या. खंडूने उंबरठा म्हणून गेटच्या रुळावर तांदळाचे माप ठेवले होते. बाळाने स्कूटर थांबवली. भाकरी उतरली, मापाकडे गेली आणि हुंगता हुंगता तिने ते पालथे केले.

सगळ्यांच्या माना हर्षदकडे वळल्या. मग हर्षदने घसा साफ केला.

"धुरीकाका, हे काय? आपल्याकडे नवीन कुत्र्याला बंदी आहे. ठराव तुमच्याच हातचा आहे."

तो खराच बाळाच्या हातचा होता, बाळा पूर्वी सेक्रेटरी असतानाचा. 'श्वान व तत्सम सभासदेतर' अशी त्याची सुरुवात होती आणि भाषेबद्दल सर्वसाधारण सभेने अभिनंदनही केले होते.

"ठराव कुत्र्यांना आहे," बाळा म्हणाला. "पासवर काय आहे बघ."

पासवर वधू होती. खंडूनेही शिस्तीने 'आवक: नवरी, एक' अशी नोंद करून टाकली होती. तीत खाडाखोड केली तर ऑडिटमध्ये अडकणार. हर्षदने उपविधी चाळले. कुत्र्यांविरुद्ध कलमे होती, कबुतरांविरुद्ध होती, लुंगी घालून लिफ्टमध्ये येण्याविरुद्धही एक होते. सुनांना मात्र कसलाही आक्षेप नव्हता, आणि त्यांची काही चौकशी करावी अशी तरतूदही नव्हती.

"पेटयलेला निरांजन कोण परत नेता रे?" सोनूबाई म्हणाल्या. "ये गो बाय, ये." त्यांनी भाकरीला ओवाळले. भाकरीने ताटातला पेढा उचलला. टाळ्या झाल्या.

(किती दिवसांसाठी आणली, असे कोणी विचारले नाही. हे पुढे उपयोगी पडेल.)

दोन दिवसांनी संध्याकाळी वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि भाकरी दिसेनाशी झाली. ती मोरीत बादलीमागे बसली होती. बाळाला सूचना आठवल्या. त्याने नळ सोडला, स्टूल ओढले आणि शेजारी बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा," रुचिरा म्हणाली, "थोडे दिवस येऊ का?" मागे नळ.

"अगं, नळ आधी..." बाळा सवयीने म्हणाला आणि थांबला. त्याला दोन्ही कानांत पाणी ऐकू येत होते. एक इकडचे, एक तिकडचे. "तुमच्याकडे नळ चालू का असतो गं नेहमी?"

तिकडे नळ आणखी मोठा झाला.

"तू कुठे बसलीयेस?"

"बाथरूममध्ये."

"काय झा..." पुन्हा थांबला. मग म्हणाला, "नको सांगू. बॅग भर."

आता पास. 'विवाह' हा वर्ग वापरून झाला होता. अर्जदाराचे या महिन्यात एक लग्न झालेले आहे, असे यंत्रणेने नम्रपणे कळवले. मुलीला सासरहून माहेरी आणणे, असा वर्ग नव्हता. सरकारचाही दोष नाही. जावकच्या कागदाला परतीचा शिक्का कुठल्याच कचेरीत नसतो.

"काका, इतकं अर्जंट असेल तर 'मृत्यू' टाका ना," मदतकेंद्राचा मुलगा कळवळून म्हणाला. "त्यात लगेच होतं."

"त्याच्या आधी आणायचंय रे," बाळा म्हणाला.

"आधीचं कसं होणार काका? मग 'इतर' टाका."

सकाळी बाळाने भाकरीला दोरी लावली आणि खाली उतरला. खंडूने नियमाप्रमाणे गेट उघडले. मुलुंड आणि बोरिवली यांच्या मधोमध जंगल आहे आणि तिथे बिबट्यांना संचारबंदी नाही. म्हणून त्याने वळसा घेतला. भांडुप गेले, कांजूर गेले. पवईच्या नाक्यावर भीमराजच होता.

"काय काका, परवा नवरी, आज कुत्रा?"

"तीच आहे. फिरवतोय."

"मुलुंडहून इथवर?"

"तिचं अजून झालं नाही."

भीमराजने भाकरीकडे पाहिले. वाटेत तिचे अनेक वेळा झाले होते, किंबहुना भांडुपचा एकही खांब सुटला नव्हता. पण तिने चेहऱ्यावर तसे काही दाखवले नाही. परिपत्रक 'गरज भागेपर्यंत' म्हणत होते. अंतराबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

जोगेश्वरीला संघमित्राने दोघांना पाणी पाजले आणि काही न विचारता म्हणाली, "परतताना फोन करा." पुढे गोरेगाव, मालाड, कांदिवली. प्रत्येक नाक्यावर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. एका इन्स्पेक्टरने तर 'बद्धकोष्ठ असेल, पपई द्या' असा सल्लाही दिला.

बोरिवलीला दार जावयाने, सुयोगने, उघडले.

"बाबा? तुम्ही असे, न कळवता?"

"कळवून आलं की पोहेच दिसतात."

सुयोगने आत बघून आवाज दिला, "अनुपमा, चहा टाक."

आत काही हलले नाही. बाळाने दारातूनच हाक मारली, "रुचिरा!"

ती वळली. हातात बॅग होती.

"असं कसं नेता?" सुयोग म्हणाला. "चार माणसं बसवू, बोलू. लोक काय म्हणतील? आणि कुठल्या नियमात नेताय? पास आहे का?"

"गरज आहे," बाळा म्हणाला. "भागेपर्यंत." त्याने दोरीचे टोक रुचिराच्या हातात दिले. भाकरीने प्रथम जिना उतरायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनी.

परतीला एका कुत्र्यामागे दोन माणसे होत होती आणि तेवढी परवानगी नव्हती. संघमित्रा प्राण्यांची रुग्णवाहिका घेऊन आली. तिच्या काचेवर 'अत्यावश्यक' असे ठसठशीत लिहिलेले होते. चालून चालून भाकरीचे पंजे सोलवटले होते. रुग्ण: भाकरी. सोबत: दोन मनुष्य. गाडीला कुठल्याही नाक्यावर कोणी थांबवले नाही. भीमराजने तर सलाम केला. अशा रीतीने बोरिवलीची एक मुलगी आपल्या बापाच्या घरी, कुत्रीची नातेवाईक म्हणून, कायदेशीररीत्या पोचली.

बाळाने गेटवर खंडूला सांगितले, "लिही. आवक: एक. आली."

"कधी जाणार, साहेब? दोन्ही रकाने भरावे लागतात."

"एकच भर."

तोवर हर्षद खाली आला होता. "अरे वा, रुचिरा! किती दिवस?"

लिफ्टपाशी प्रांजलची आई भेटली. "आलीस? बरं केलंस. किती दिवस गं?"

वरून खिडकीतून सोनूबाईंनी हाक दिली. माया खरी होती. ताट मात्र हातात नव्हते. "गो चेडवा, किती दिस रवतलंस?"

रुचिरा भाकरीची दोरी धरून लिफ्टमध्ये शिरली. घरात शिरल्यावर ती आधी मोरीत गेली, तिथला ठिबकणारा नळ घट्ट बंद केला आणि बाहेर येऊन पंख्याखाली बसली. भाकरी तिच्या पायांवर डोके ठेवून झोपली.

त्याच महिन्यात निर्बंध उठले. प्राणिप्रेमाची लाट ओसरली. प्रांजलचा कुत्रा पलंगाखालून स्वतःहून बाहेर आला. सोसायटीच्या सभेत 'श्री. धुरी यांच्या घरी वास्तव्यास असलेल्या व्यक्ती' हा विषय निघाला. भाकरी नियमित ठरली, कारण तिची नोंद नवरी म्हणून आहे. रुचिराचा विषय, अधिक माहिती मिळेपर्यंत, पुढे ढकलण्यात आला. तो अजून पुढेच आहे.

वाचकहो, नवसुमंगलच्या लोकांना नावे ठेवण्याची घाई करू नका. भाकरी स्कूटरवरून उतरली तेव्हा तिला बाळा किती दिवस ठेवणार, हे तुमच्याही मनात आले नाही. आणि रुचिरा दारात उभी राहिली तेव्हा तुमची नजर सर्वात आधी तिच्या हातातल्या बॅगेकडे गेली: लहान होती की मोठी?

तो तपशील वर कुठेही दिलेला नाही.